विसाव्याची वेळ वेळापत्रकात लिहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

११ मार्च २०२१ रोजी, परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलली गेली आणि पुण्याच्या नवी पेठेत मुले रस्त्यावर उतरली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये उलटे झाले. २५ तारखेची पूर्वपरीक्षा पुढे ढकला म्हणून शास्त्री रस्त्यावर ठिय्या बसला आणि ती परीक्षा थेट १ डिसेंबरला झाली. दोन्ही वेळच्या मागण्या वेगळ्या होत्या. पण आंदोलन उठल्यावर ही मुले-मुली आपापल्या भाड्याच्या कॉटवर परत गेली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न एकच होता आणि तो बातमीत मावणारा नव्हता. तारीखच ठाऊक नाही, तर रोज किती ताणायचे? आणि जरा सैल सोडले की मनाला जे टोचत राहते, त्याचे काय करायचे?

हे पत्र त्या टोचणीबद्दल आहे. हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत बेंचवर, म्हणजे हाती प्रकल्प नसताना, बसून नोकरकपातीच्या मेलची धास्ती घेतलेल्यांनाही यातले बरेच लागू पडेल. पण पेठांतल्या अभ्यासिकांचा दिवस कसा जातो हे आम्हाला अधिक नीट ठाऊक आहे, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

परीक्षेची तारीख पक्की असते तेव्हा मुले अभ्यास करतात आणि थकली की झोपतात. तारीख लटकली की दोन्ही बिघडते. रात्री साडेअकराला कॉटवर आडवे, छातीवर उघडे पुस्तक, हातात मोबाइल, टेलिग्रामच्या चॅनेलवर 'सूत्रांकडून कळते की...' असे काही आले का ते पाहणे, मग पुन्हा पुस्तकाची दोन पाने, पुन्हा मोबाइल. एक वाजतो. याला अभ्यास म्हणता येत नाही आणि आरामही म्हणता येत नाही. ना धड हे, ना धड ते. सकाळी उठल्यावर अंग आंबलेले असते, काल फारसे काही झाले नाही याची खंत असते आणि त्या खंतीपायी आज बारा तास बसायचे ठरते. दुपारपर्यंत ते मोडते. आठ-दहा दिवस असे गेले की मूल स्वतःला आळशी म्हणू लागते. आमच्या मते इथे आळसाचा काहीही संबंध नाही.

अनिश्चिततेचा ताण निश्चित वाईट बातमीपेक्षाही जास्त असतो, हे मोजून पाहिले गेले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४५ जणांना हातावर विजेचा हलका झटका बसण्याची शक्यता कमी-जास्त करून दिली होती. झटका बसणारच हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यापेक्षा 'बसेल किंवा नाही बसणार, निम्मे-निम्मे' अशा अवस्थेत माणसांच्या तळहातांना जास्त घाम आला आणि बाहुल्या जास्त विस्फारल्या. निकाल लागून नापास झालेल्या मुलापेक्षा निकाल राखून ठेवलेले मूल जास्त दमलेले का दिसते, ते यावरून समजावे. ते रिकामे बसलेले नसते. त्याचे शरीर दिवसभर पहारा देत असते. पहारेकऱ्याला पाळी बदलून मिळते, याला मिळत नाही.

आता टोचणी. तिचे मूळ शोधायला पंढरीच्या वाटेकडे पाहावे. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्काम करतात, माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. एवढी लाखाची दिंडी पूर्ण एक दिवस पुण्यात थांबते आणि एकाही वारकऱ्याला आपण वेळ वाया घालवतो आहोत असे वाटत नाही. कारण मुक्काम आधीच छापलेला असतो. रोजच्या चालीतही सकाळचा विसावा, दुपारचा विसावा कुठल्या गावी, हे पत्रकात लिहिलेले असते. पुण्यातल्या थांब्यानंतर माउलींच्या पालखीला दिवे घाट चढून सासवड गाठायचे असते, वारीतल्या मोठ्या मजलांपैकी ती एक. विसाव्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि तो सर्वांना आधी माहीत आहे, म्हणून तो गोड लागतो. मुलांच्या वेळापत्रकात सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत फक्त विषयांची नावे असतात. विसावा तिथे लिहिलेलाच नसतो, म्हणून तो जेव्हा घेतला जातो तेव्हा चोरून घेतल्यासारखा वाटतो. चोरीच्या आरामाने थकवा जात नाही.

तेव्हा पहिली गोष्ट दुपारची झोप. हिच्याबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

दुपारी एक ते तीनच्या सुमारास येणारी सुस्ती केवळ मेसच्या भातामुळे येत नाही. शरीराच्या चोवीस तासांच्या घड्याळातच त्या वेळी एक उतार असतो. जेवण टाळले तरी तो येतो, जड जेवणाने अधिक जाणवतो इतकेच. पुण्यातल्या 'दुपारी १ ते ४ बंद' या पाटीची जगाने कितीही थट्टा केली, तरी शरीरशास्त्र त्या पाटीच्या बाजूने आहे. मुले म्हणतात, 'दुपारी झोपलो की दिवसच जातो.' खरे आहे, पण दिवस जातो तो तास-सव्वा तास झोपल्याने. झोप लागल्यावर साधारण अर्ध्या तासाने माणूस गाढ झोपेत उतरतो. तिथून गजराने ओढून काढले की डोके जड, तोंड कडू, अर्धा-पाऊण तास काही सुचत नाही. वीस मिनिटांत उठले तर माणूस वरच्या थरातूनच परत येतो आणि लगेच कामाला लागू शकतो. म्हणून गजर २५ मिनिटांचा लावावा. पाच मिनिटे डोळा लागायला, वीस झोपेला. रात्र अगदीच खराब गेली असेल तर पूर्ण दीड तास घ्यावा, म्हणजे झोपेचे एक आवर्तन संपते. पाऊण तास आणि एक तास ही मधली मापे टाळावीत. तीन वाजून गेल्यावर मात्र झोपू नये, ती झोप रात्रीच्या झोपेतून वजा होते.

लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांवर अमेरिकेच्या नासा संस्थेने असाच प्रयोग केला होता. उड्डाणात पाळीपाळीने ४० मिनिटे विश्रांतीची मुभा दिली, तेव्हा सरासरी २६ मिनिटे झोप लागली आणि उतरण्याच्या वेळी झोपलेले वैमानिक न झोपलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सावध होते. ज्यांच्या हाती शेकडो जीव, त्यांना डुलकी चालते, तर अर्थशास्त्राचे प्रकरण वाचणाऱ्याला ती चालायला हरकत नसावी.

कॉटवर जायला खोली लांब असेल तर अभ्यासिकेतल्या टेबलावर झोपता येते, फक्त नीट झोपावे. बहुतेक मुले हातावर डोके टाकतात. दहा मिनिटांत हाताला मुंग्या येतात, कारण डोक्याच्या चार-साडेचार किलो वजनाखाली दंडातली नस दबते, आणि मान एका बाजूला वळल्याने संध्याकाळपर्यंत आखडते. त्याऐवजी टॉवेलची घट्ट गुंडाळी करावी, चार-पाच इंच जाडीची. खुर्ची टेबलाला खेटून घ्यावी, बूड खुर्चीच्या पाठीला टेकवावे, कपाळ गुंडाळीवर ठेवावे म्हणजे नाक मोकळे राहते. हात मांडीवर सोडावेत. चष्मा डबीत घालून डबी बॅगेत टाकावी. मोबाइल टेबलावर ठेवू नये. गजर थरथरला की लाकडी फळी रांगभर हादरते आणि सहा जणांचे लक्ष उडते. तो खिशात ठेवावा. शेजारी एक चिठ्ठी ठेवावी, 'दोन दहाला उठणार'. ही चिठ्ठी शेजाऱ्यासाठी आहे, पण तिचा खरा उपयोग झोपणाऱ्यालाच होतो. विसाव्याला शेवट लिहिला गेला की मन पहारा सोडते. झोप लागली नाही तरी डोळे मिटून वीस मिनिटे पडून राहावे, तेही कामाला येते. उठल्यावर तोंडावर पाणी, जिना उतरून पुन्हा वर, आणि पहिली दहा मिनिटे चालू घडामोडींची. गणित-बुद्धिमत्ता त्यानंतर.

अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात बसल्या बसल्या घेतलेल्या डुलकीला 'आसीनप्रचलायित' असा शब्द आहे. रात्रीच्या जागरणाने रूक्षता वाढते, दिवसा आडवे होऊन झोपल्याने स्निग्धता वाढते, या डुलकीने दोन्ही होत नाही, असे त्याचा कर्ता वाग्भट सांगतो. दिवसाची लांब झोप त्याने उन्हाळ्यापुरती ठेवली आहे. आणि जागरण झालेच तर जितकी झोप बुडाली तिच्या निम्मी दुसऱ्या दिवशी सकाळी, काही खाण्यापूर्वी घ्यावी, असेही त्याने लिहून ठेवले आहे. ज्या घरांत 'दिवसा झोपू नये' एवढेच आयुर्वेदाचे वाक्य ठाऊक असते, तिथे ही बाकीची वाक्येही पोचायला हवीत.

रात्रीबद्दल तीनच आकडे. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. रोज सहा तास झोपणाऱ्यांची दोन आठवडे चाचणी घेतल्यावर त्यांच्या मेंदूची गती सबंध रात्र जागलेल्या माणसाइतकी, काही बाबतींत दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी मंदावलेली आढळली, आणि घातक गोष्ट अशी की आपण फारसे पेंगुळलेले नाही, असे त्यांना स्वतःला वाटत होते. 'मला सहा तास पुरतात' हे वाक्य म्हणून भरवशाचे नाही. तिसरा आकडा दुचाकीवाल्यांसाठी. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ आहे. सकाळी सहाला उठून रात्री साडेअकराला अभ्यासिकेतून गाडीवर निघणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

पाठांतराच्या दृष्टीनेही झोप हा अभ्यासाचाच भाग आहे. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करायला लावली. पाठ करून झोपल्यावर जितके लक्षात राहिले, त्याच्या निम्मेही तेवढेच तास जागे राहिल्यावर उरले नाही. एडिंबरोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये याहून लहान गोष्ट दाखवली. गोष्ट ऐकवल्यानंतर दहा मिनिटे अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसलेल्यांना ती सात दिवसांनीही जास्त आठवत होती, त्या दहा मिनिटांत संगणकावर चित्रांतले फरक शोधत बसलेल्यांना कमी. प्रकरण संपले की हात मोबाइलकडे जातो. ती दहा मिनिटे फुकट गेल्यासारखी वाटू नयेत म्हणून आपण ती भरतो, आणि भरल्यामुळेच आधीचे अर्धे सांडते. प्रकरण संपल्यावर खिडकीशी जाऊन उभे राहावे. एवढेच करावे.

चहाबद्दल थोडक्यात. चहातले कॅफिन निम्मे उतरायला पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी साडेसातच्या अमृततुल्यचा अर्धा अंमल रात्री साडेबाराला शिल्लक असतो. शेवटचा कप चारच्या आत घ्यावा. मित्रांबरोबर टपरीवर जाणे मात्र सोडू नये, दूध घ्यावे किंवा नुसते उभे राहावे.

आता चिंतेची वही. रात्री दिवा मालवला की सगळ्या काळज्या रांग लावतात, कारण दिवसभर त्यांना कोणी वेळ दिलेला नसतो. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये त्यावर एक साधा उपाय तपासला होता. काळजी करायला रोज एक ठरलेली अर्धा तासाची वेळ आणि एक ठरलेली जागा. आपल्याकडे ती संध्याकाळी साडेपाच ते सहा ठेवावी. जागा कॉट नसावी, अभ्यासिकेतली सीटही नसावी, नाहीतर त्या जागेलाच काळजीची सवय लागते. जिन्याची पायरी, सारसबागेतला बाक, कुठलाही कट्टा चालेल. एस. पी. कॉलेजपासून सारसबाग चालत दहा-पंधरा मिनिटे आहे, चालणेही होते.

शंभरपानी वही उघडून पानाच्या मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे 'माझ्याकडे', उजवीकडे 'त्यांच्याकडे'. मनात येईल ती काळजी एका ओळीत लिहावी आणि ती कुठल्या बाजूची ते ठरवावे. 'जाहिरात लांबली तर वय निघून जाईल' ही उजवीकडची वाटते, पण तिच्यात एक डावीकडचा तुकडा आहे: 'वयाची अट कोणत्या तारखेला मोजतात ते मागच्या जाहिरातीत पाहणे, शनिवारी.' 'दिवाळीनंतर रूमचे भाडे कसे भागवायचे' ही डावीकडची: 'घरमालकांना दहा तारखेपर्यंत थांबाल का, हे उद्या विचारणे.' 'न्यायालयात काय होईल' ही पूर्ण उजवीकडची. तिच्यापुढे पुन्हा पाहण्याचा दिवस लिहायचा: 'शुक्रवारी, आयोगाचे संकेतस्थळ, एकदाच.' डावीकडच्या प्रत्येक ओळीत क्रियापद आणि वार असलाच पाहिजे. 'पैशांचे बघणे' असे लिहिले तर रात्री ते पुन्हा येते. मनाला अर्धवट सोडलेले काम विसरता येत नाही. कधी करणार हे लिहिले की ते बऱ्यापैकी सोडते. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे आधी झोप लागली, असे अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ साली आढळले. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

हे बिघडते ते ठरलेल्या ठिकाणी. एक, वही दुःखाची रोजनिशी होते, दोन-दोन पाने भरतात आणि क्रियापद एकही नसते. दोन, सहा वाजले तरी उठवत नाही. गजर झाला की वाक्य अर्धे असले तरी वही मिटावी, उरलेले उद्या. तीन, दिवसा काळजी आली की तिला हाकलायचा प्रयत्न होतो. हाकलू नये. चिठोऱ्यावर दोन शब्द लिहावेत, 'भाडे – साडेपाचला', आणि पुढे वाचावे. पहिला आठवडा काहीच फरक पडत नाही आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रात्रीची रांग आखूड होऊ लागते.

एवढे करूनही वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर कॉटवर तळमळत राहू नये. उठावे, मंद दिव्यात खुर्चीवर बसून काहीतरी नीरस वाचावे, पेंग आली की परत जावे. सकाळी मात्र ठरल्या वेळीच उठावे, रात्र कशीही गेली तरी. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांची अडचण अशी की कॉट हेच त्यांचे घर, टेबल, जेवणघर आणि पलंग असते. निदान दिवसा गादी गुंडाळून ठेवावी आणि रात्री अंथरावी. अंथरूण घातले म्हणजे झोपायचे, हे शरीराला पुन्हा शिकवता येते.

टेलिग्रामबद्दल एक व्यवस्था सुचवतो. खोलीत चौघे असतील तर दर आठवड्याला एकाने आयोगाचे संकेतस्थळ पाहायचे, सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला, आणि काही असेल तरच बाकीच्यांना सांगायचे. तिघांनी सगळी चॅनेल म्यूट करायची. आयोगाची खरी घोषणा काही तास उशिरा कळल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

शवासनाचे नाव काढले की मुले हसतात, 'पडून तर राहायचे.' ते नुसते पडून राहणे नाही. हठप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथात त्याला श्रम हरण करणारे आणि चित्ताला विश्रांती देणारे म्हटले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर ते वापरून १९६९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला होता. झोळ आलेल्या गादीवर ते जमत नाही, जमिनीवर सतरंजी टाकावी. डोक्याखाली चादरीची दोन बोटे जाड घडी, एवढी की हनुवटी छताकडे उचललेली राहणार नाही. हनुवटी वर राहिली की मानेचा मागचा भाग आवळलेला राहतो आणि मन चालूच राहते. दिवसभर बसून कंबर धरली असेल तर गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेले पांघरूण. पाय फूट-दीड फूट अंतरावर, हात अंगापासून वीतभर लांब, तळवे वर. पंखा असेल तर अंगावर पातळ चादर घ्यावी, कारण स्वस्थ पडल्यावर अंग गार पडते आणि थंडी वाजली की स्नायू पुन्हा आवळतात. डोळ्यांवर रुमालाची घडी. श्वास ओढून घेऊ नये, सोडताना मात्र सावकाश सोडावा, घेताना चार मोजले तर सोडताना सहा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, म्हणून हे लांबवणे. दहा-बारा मिनिटे पुरतात. उठताना आधी कुशीवर वळून चार श्वास थांबावे, मग हाताच्या आधाराने उठावे. एकदम उठले तर चक्कर येते.

गणेशोत्सवात पेठांत राहणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. औषधाच्या दुकानात फोमचे कानबोळे मिळतात. ते नुसते कानात खुपसले की अर्धा आवाज येतोच आणि मुले 'उपयोग नाही' म्हणून टाकून देतात. बोटांत फिरवून त्याची बारीक सुरळी करावी, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाचा वरचा भाग वर-मागे ओढावा, म्हणजे कानाचा मार्ग सरळ होतो, सुरळी आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावी. ढोलाचा ठोका छातीत जाणवतो तो कशानेच थांबत नाही, पण बाकीचा गोंगाट उतरतो.

आठवड्याची सुट्टी हा या मुलांचा सगळ्यांत नाजूक विषय. 'परीक्षा तोंडावर आणि सुट्टी कसली?' परीक्षा तोंडावर नाही, हीच तर अडचण आहे. रविवारची सुट्टी आपल्याकडे आपोआप आलेली नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि वर्षानुवर्षे मागणी लावून धरल्यावर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीत होते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना सातही दिवस राबावे लागत होते, त्यांच्यासाठी कोणीतरी भांडून मिळवलेला हा दिवस आहे. तो आपणहून परत करू नये. बहुतेक टेस्ट सिरीज रविवारी सकाळी असतात, म्हणून सुट्टी रविवारी दुपारी एकपासून सोमवारी सकाळी सहापर्यंत ठेवावी. टेस्टचे गुण मोजणे सोमवारी. कपडे धुणे, बँक, झेरॉक्स ही कामे सुट्टीत कोंबू नयेत, त्यांना बुधवारचा एक तास द्यावा. सुट्टीत पर्वती चढावी, गावाकडच्या मित्राकडे जेवायला जावे, सिनेमा पाहावा, किंवा काहीही करू नये.

आणि वेग. तारीख नसताना सहा तास खरा अभ्यास पुरतो, दोन-दोन तासांच्या तीन बैठकांत, शेवटची रात्रीच्या जेवणाआधी. तारीख जाहीर झाली की दोन-तीन आठवड्यांत एकेक तास वाढवत न्यावे. तालमीतला वस्तादही पोराला वर्षभर एकाच जोराने मेहनत करू देत नाही. जोर-बैठकांनी स्नायू थकतो आणि तो भरतो खाऊन-झोपून, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आई-वडिलांना हात जोडून एक विनंती. रोज रात्री फोन करून 'काय चाललंय? अभ्यास झाला का?' असे विचारू नका. त्या प्रश्नाला 'हो' याखेरीज उत्तर नसते, आणि ज्या दिवशी ते खरे नसते त्या रात्री मूल झोपत नाही. 'जेवलास का? झोप लागते का?' एवढे विचारा. तारखेचा आणि निकालाचा विषय आठवड्यातून एकदा, मुलाने काढला तर. तुमच्यातले बरेच जण शेती करणारे आहात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळता, जिथे जू घासून घट्टा पडलेला असतो नेमके तिथे, आणि पोळ्याला त्याला औताला जुंपत नाही. रब्बी निघाल्यावर रान नांगरून मृगापर्यंत उन्हात तापू देता, त्याला तुम्ही वाया गेलेली जमीन म्हणत नाही. घरी आलेले पोर दोन दिवस नुसते झोपले तर त्याच नजरेने बघा. आणि शेजाऱ्यांच्या मुलाला पोस्ट मिळाल्याची बातमी त्याला त्याच्या मित्रांकडून आधीच कळलेली असते.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटेनासा झाला, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोपच लागेनाशी झाली, जेवण सुटले किंवा आपण नसलेलेच बरे असे मनात येऊ लागले, तर ते विश्रांतीने भरून येणारे नाही. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे. मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते. रूम पार्टनरला असे दिसले तर त्याच्यासमोर बसून स्वतः फोन लावून द्यावा आणि तो बोलेपर्यंत शेजारी थांबावे.

शेवटी अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळींकडे मागणे आहे, आणि त्याला फारसा खर्च नाही. 'चोवीस तास खुली' हे फलकावर मोठ्या अक्षरांत असते. रात्री बारा ते पाच दिवे बंद ठेवून पाहा, विजेचे बिलही कमी येईल. दुपारी दीड ते अडीच एका दालनातल्या ट्यूबलाइट मालवा आणि तिथे बोलायलाही नको, वाचायलाही नको, असे ठेवा. सध्या सीटवरून अर्धा तास उठले तर दुसरा बसतो किंवा वह्या उचलून बाजूला ठेवल्या जातात, या धास्तीने मुली तर दुपारी जागच्या हलत नाहीत. पोस्टकार्डाएवढे जाड पुठ्ठ्याचे कार्ड छापून प्रत्येक सीटला एक द्या, त्यावर 'विसावा. परत येण्याची वेळ:' एवढाच मजकूर आणि पुढे पेन्सिलीने आकडा लिहायला जागा. तीस मिनिटांपर्यंत त्या सीटला कोणी हात लावणार नाही, असा नियम दारावर लावा. शंभर सीटच्या अभ्यासिकेला शंभर कार्डे लागतील.

आपले,
स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांबरोबर काम करणारे काही समुपदेशक,
सदाशिव पेठ, पुणे ३०